डिप्लोमानंतर पुण्यात नोकरी शोधताना: कंपनी काय पाहते आणि तुम्ही काय पाहावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या एका तरुणाने मेकॅनिकल डिप्लोमा केला, नंतर वर्षभर घरची शेती पाहिली, आणि आता तो भोसरीत कॉट बेसिसवर राहून नोकरी शोधतोय. पोर्टलवर अर्ज भरपूर केले, फोन जवळजवळ येत नाहीत. चाकणच्या एका असेंब्ली लाईनवर कंत्राटदारामार्फत काम मिळतंय, पण ते घ्यावं की नाही हे ठरत नाही. एवढ्या गर्दीत आपला अर्ज उठून कसा दिसेल, आणि मिळालेल्या नोकरीत मन कसं रमेल, असं त्याने विचारलं आहे.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत, क्वालिटी विभागात, मी बरीच वर्षं काम करते आहे आणि नवी मुलं-मुली निवडण्याचं कामही माझ्याकडे असतं. म्हणून उत्तर भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यातल्या कारखान्यांपुरतं देते. बँक किंवा आयटीतल्या भरतीची रीत वेगळी आहे.

उठून दिसणं आणि मन रमणं हे तुम्ही दोन प्रश्न म्हणून विचारलेत. माझ्या अनुभवात दोन्हींची तयारी एकच असते. सकाळी फर्स्ट शिफ्टला गेटमधून आत गेल्यावर त्या जागेवरचा माणूस दिवसभर नेमकं काय करतो, हे अर्ज करण्याआधी माहीत करून घ्यायचं. हे माहीत असलेला उमेदवार बोलायला लागला की पाच मिनिटांत वेगळा कळतो. आणि काम कसं आहे हे आधीच माहीत असल्यामुळे तो चुकीच्या जागेवर जाऊन अडकतही नाही.

सुरुवात रेझ्युमेपासून करू, कारण फोन न येण्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच असतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक रेझ्युमेंवर वरच्या बाजूला एकच वाक्य असतं: आव्हानात्मक पद मिळवून संस्थेच्या प्रगतीत हातभार लावायचा आहे. त्याखाली 'मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर'. त्याखाली सॉफ्टवेअरची नावं. मग छंद. हे सगळं खरं असेलही, पण त्यातून या मुलाला काय करता येतं हे मला कळत नाही, आणि फोन करून विचारायला भरतीच्या दिवसांत कुणाला वेळ नसतो. ते वाक्य काढून टाका. त्या जागी दोन ओळींत लिहा की कोणत्या विभागात काम हवंय आणि त्या विभागातलं आज काय येतं. 'इन-प्रोसेस इन्स्पेक्शनसाठी अर्ज. ड्रॉइंग वाचता येतं. व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज वापरता येतात.' एवढं पुरतं. (इन-प्रोसेस इन्स्पेक्शन म्हणजे उत्पादन चालू असतानाच भाग तपासणं; बाकी तिन्ही नावं माप घेण्याच्या साधनांची.) ते खरं मात्र हवं, कारण मुलाखतीत मी पहिल्यांदा तेच तपासणार.

डिप्लोमाचा प्रोजेक्ट ही सगळ्यात वाया जाणारी जागा. प्रोजेक्टचं नाव, गाईडचं नाव, गटात चार जण, संपलं. यंत्र तयार विकत आणलं होतं की बनवलं, हे आम्हाला दोन प्रश्नांत कळतं. तुम्ही स्वतः त्यातलं काय केलं तेवढंच लिहा, पण मापासकट आणि टॉलरन्ससकट, म्हणजे मापात किती फरक चालतो त्यासकट लिहा: 'शाफ्टचं टर्निंग मी लेथवर केलं, व्यास ३० मिमी, टॉलरन्स ±०.०५, मायक्रोमीटरने तपासलं. पहिला शाफ्ट अंडरसाईज गेला, दुसरा मापात आला.' पहिला तुकडा बिघडला हे लिहायला घाबरू नका. ज्याने खरोखर लेथ चालवलाय त्याचा पहिला तुकडा बिघडलेलाच असतो, आणि हे वाचणाऱ्यालाही माहीत असतं.

आता तुमच्या त्या वर्षाबद्दल. गावाकडून आलेली मुलं शेतीचं वर्ष लपवतात. कुणी 'गॅप' लिहून सोडतं, कुणी खोटा अनुभव दाखवतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्या वर्षात त्यांनी केलेलं काम पुष्कळदा कॉलेजातल्या प्रॅक्टिकलपेक्षा जास्त मेकॅनिकल असतं. मोनोब्लॉक पंपाचं सील बदललं, ठिबकच्या फिल्टरचं प्रेशर का पडतंय ते शोधलं, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमधून गळती होती ती बंद केली, रोटाव्हेटरच्या बेअरिंगचा आवाज ओळखून ते तुटायच्या आधी बदललं. मेंटेनन्स विभागात आम्ही माणसाला हेच तर शिकवतो: आवाज, गळती, तापमान, कंपन यांवरून बिघाड ओळखायचा. तुमच्या घरी यांतलं काय झालं ते आठवा आणि तीन ओळींत लिहा. काय बिघडलं होतं, तुम्ही कशावरून ओळखलं, काय केलं. गावच्या फिटरने केलं आणि तुम्ही हाताखाली होता, तर तसंच लिहा. मेंटेनन्सला माणूस घेताना माझ्यासमोर दोन अर्ज असतील, एकात सात सर्टिफिकेटं आणि दुसऱ्यात या तीन ओळी, तर मी दुसऱ्याला आधी बोलावते.

सर्टिफिकेटांचं आलंच आहे तर सांगते. एकामागून एक कोर्स लावू नका. आधी विभाग ठरवा, मग लागलाच तर एक कोर्स. क्वालिटीत जायचं असेल तर आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या मानकासोबत वापरली जाणारी पाच कोअर टूल्स कशासाठी असतात ते समजून घ्या: एपीक्यूपी (नव्या भागाच्या गुणवत्तेचं आधीपासून नियोजन), पीपॅप (भागाला ग्राहकाची मंजुरी), एफएमईए (काय बिघडू शकतं याचा आधीच विचार), एसपीसी (आकडेवारीने प्रक्रियेवर नजर) आणि एमएसए (मोजण्याची पद्धत भरवशाची आहे का ते तपासणं). फ्रेशरला ती करता यावीत अशी अपेक्षा नसते, पण कंट्रोल प्लॅन (कोणतं माप कशाने आणि किती वेळा तपासायचं याचा तक्ता) म्हणजे काय आणि तो कशातून येतो हे सांगता आलं की बोलणं पुढे सरकतं. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाईन शिक्षण पोर्टलवर मॅन्युफॅक्चरिंग आणि मेट्रॉलॉजीची (मापनशास्त्राची) व्याख्यानं फुकट ऐकता येतात, पैसे फक्त परीक्षेला बसायचं असेल तर. टूल रूमची, म्हणजे साचे आणि डाय बनवण्याच्या कामाची, आवड असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचे अभ्यासक्रम पाहा, तिथे यंत्रावर हात बसतो. घरबसल्या मिळणाऱ्या कागदाने हात बसत नाही.

मुलाखतीत मी काय करते ते मोकळेपणाने सांगते. कुणी तयारी करून आलं तर मला आनंदच आहे. मी एक टर्न केलेला भाग, त्याचं ड्रॉइंग आणि व्हर्नियर समोर ठेवते आणि माप घ्यायला सांगते. बहुतेक जण लगेच भाग जबड्यात धरतात. एखादाच आधी जबडे पुसतो, बंद करून शून्य जुळतंय का पाहतो आणि मग माप घेतो. त्याहून क्वचित एखादी मुलगी ड्रॉइंग पाहून म्हणते, "मॅडम, इथे टॉलरन्स ±०.०५ आहे, व्हर्नियरचा लीस्ट काउंट ०.०२ आहे, मायक्रोमीटर मिळेल का?" टॉलरन्सच्या पूर्ण पट्ट्याच्या साधारण दहाव्या भागाइतका बारीक लीस्ट काउंट (साधनावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप) असावा, हा आमच्याकडचा ढोबळ नियम. ±०.०५ म्हणजे ०.१ चा पट्टा, त्याला ०.०१ चा मायक्रोमीटर लागतो. हे पुस्तकात असतंच, पण हातात भाग आल्यावर ज्याला आठवतं त्याला काम येतं.

दुसरा प्रश्न असा: सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) शाफ्टचं टर्निंग चालू आहे, तासातासाला बाहेरचा व्यास थोडा थोडा वाढत चाललाय, अजून टॉलरन्समध्ये आहे. काय कराल? कारण बहुतेकांना सुचतं: इन्सर्ट (कापणारं पातं) झिजतोय, कापणारी कड मागे सरकली म्हणून धातू कमी निघतोय आणि व्यास वाढतोय. उपायही येतो: ऑफसेट द्या (मशीनमध्ये हत्याराची जागा तेवढी सरकवा), इन्सर्टचं आयुष्य संपलं असेल तर बदला. मग मी गोष्ट थोडी फिरवते. आता समजा शेवटचा तपासलेला भाग टॉलरन्सबाहेर गेला. आता? इथे जो म्हणतो, "आधी मशीन थांबवतो आणि शेवटच्या ओके रीडिंगपासून आत्तापर्यंतचे सगळे भाग बाजूला काढतो, कारण नंतर शोधतो," त्याला मी घ्यायचं ठरवलेलं असतं. ग्राहकाकडे खराब भाग जाऊ न देणं हे पहिलं, कारण शोधणं दुसरं. हा क्रम अंगात असलेली माणसं कमी असतात. इंग्रजी अडखळत असेल तर मराठीत सांगा, हिंदीत सांगा. शॉप फ्लोअरवर या तिन्ही भाषा चालतात. ड्रॉइंगवरचं आणि ईमेलमधलं इंग्रजी वाचता यायला हवं, तेवढं सहा महिन्यांत जमतं.

अर्ज कुठे करायचा याबद्दल. पोर्टल चालू ठेवा, पण सगळा जीव त्यात घालू नका. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक लेख लिहिला होता. बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली त्यांना त्याने विचारलं की ज्या माणसाकडून नोकरीचं कळलं तो त्या काळात किती वेळा भेटत होता. नेहमी भेटणारा असं १६.७ टक्के लोकांनी सांगितलं, अधूनमधून भेटणारा असं ५५.६ टक्क्यांनी आणि क्वचित भेटणारा असं २७.८ टक्क्यांनी. कारण सरळ आहे. खोलीवरच्या मित्रांना माहीत असलेल्या जागा तुम्हालाही माहीत असतात. नवी माहिती थोड्या लांबच्या माणसाकडून येते: कॉलेजचा तीन वर्षं पुढचा सीनियर, गावच्या कुणाचा तरी चाकणला असलेला जावई, तुमच्या वर्कशॉपच्या सरांचा जुना विद्यार्थी.

अशा माणसाला 'दादा, कुठे जागा असेल तर सांगा' असा मेसेज जातो आणि तो बिचारा काही करू शकत नाही, कारण त्याच्या हातात जागा नसते. त्याच्या हातात माहिती असते, ती मागा. असं लिहा: 'दादा, मी अमुक कॉलेजचा, तुमच्यानंतर तीन वर्षांनी डिप्लोमा झालो. इन-प्रोसेस इन्स्पेक्शनच्या कामाची तयारी करतोय. तुमच्या इथे या जागेवरचा माणूस दिवसभर काय काय करतो, हे रविवारी पंधरा मिनिटं फोनवर सांगाल का?' याला बहुतेक माणसं हो म्हणतात; आपल्या कामाबद्दल कुणी मनापासून विचारलं तर सांगायला आवडतं. आणि महिन्याभराने त्यांच्याकडे जागा निघाली की ज्याने असं विचारलं होतं तोच त्यांना आठवतो.

मोठ्या नावांच्या मागे सगळेच असतात. पहिल्या नोकरीसाठी मी भोसरीच्या जे ब्लॉकमधले, तळवड्यातले, किंवा पुण्याबाहेर कोल्हापूरजवळच्या शिरोली, सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीतले पन्नास-साठ माणसांचे व्हेंडरही, म्हणजे मोठ्या कंपन्यांना भाग पुरवणारे छोटे कारखानेही, बघायला सांगेन. मोठ्या कारखान्यात नव्या इन्स्पेक्टरला एका लाईनवर एकच गेज वर्षभर हातात मिळू शकतो. छोट्या ठिकाणी तोच मुलगा सकाळी आलेला कच्चा माल तपासतो, दुपारी मशीनवर फेऱ्या मारतो, संध्याकाळी पीडीआय (माल पाठवण्याआधीच्या तपासणीचा) रिपोर्ट भरतो आणि ग्राहकाची तक्रार आली की साहेबांबरोबर तिथे जातोही. पगार थोडा कमी असतो, सोयी कमी असतात, मालकाचा मूड सांभाळावा लागतो. पण दोन वर्षांत त्या मुलाकडे सांगण्यासारखं जे जमतं ते मोठ्या नावाच्या बॅजने मिळत नाही.

इथून मन रमण्याचा विषय सुरू होतो. हॅकमन आणि ओल्डहॅम या अमेरिकन अभ्यासकांनी १९७० च्या दशकात कामाचे पाच गुण मांडले. कामात निरनिराळी कौशल्यं लागतात का, एखादी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून होते का, त्याचा कुणाला खरा उपयोग होतो का, काही ठरवायची मोकळीक असते का, आणि आपण बरं केलं की वाईट हे कामातूनच कळतं का. मला ही कसोटी आवडते कारण ती विभागांना सरळ लावता येते. टूल रूममध्ये डाय आपल्या हाताने पूर्ण होतो आणि पहिला भाग निघाला की लगेच कळतं; पण शिकायला वेळ लागतो. मेंटेनन्समध्ये वैविध्य आणि मोकळीक भरपूर, पण ब्रेकडाऊन रात्री दोनलाही येतो. प्रॉडक्शनमध्ये तासाचा आकडा डोक्यावर असतो. ज्याला माणसं सांभाळायला आवडतात तो तिथे खुलतो. तुम्हाला यांतलं काय हवंय हे तुम्हीच ओळखायचं आहे.

क्वालिटीबद्दल मात्र एक गोष्ट जोर देऊन सांगते. या विभागात माणसाचं मन सगळ्यात जास्त कशाने मोडतं, तर न मोजता रीडिंग भरायला लावण्याने. गाडी लागलेली असते, रिपोर्ट हवा असतो, आणि वरून सांगितलं जातं की मागचे आकडे बघून भरून टाक. एकदा हे रोजचं झालं की शिकणं थांबतं. शिवाय उद्या तक्रार आली तर त्या कागदावर सही तुमची असते. म्हणून मुलाखतीच्या शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' असं म्हटलं की 'नाही सर' म्हणू नका. विचारा: या जागेवर आधी जे होते ते आता कुठे आहेत? बढती मिळून पुढच्या विभागात गेले असतील तर उत्तम. तिसरा माणूस सहा महिन्यांत सोडून गेला असेल तर चेहऱ्यावरून कळतं. विचारा: भाग टॉलरन्सबाहेर दिसला तर इन्स्पेक्टरला मशीन थांबवता येतं का? पहिल्या तीन महिन्यांत मला कोण शिकवेल? हे प्रश्न नम्रपणे विचारले तर कुणाला राग येत नाही. मला तर उलट बरं वाटतं, हा राहायचा विचार करून आलाय.

शॉप फ्लोअर दाखवतात तेव्हा डोळे उघडे ठेवा. रिजेक्शनच्या लाल बिनला कुलूप आहे का, की तिच्यातून भाग परत उचलले जातात? गेजवर कॅलिब्रेशनचं स्टिकर आहे का आणि त्यावरची तारीख उलटून गेलीय का? सुपरवायझर ऑपरेटरशी कसा बोलतो? जो आज त्याच्यावर ओरडतोय तो उद्या तुमच्यावर ओरडणार आहे.

पगाराचं गणित घरच्यांना सांगण्याआधी स्वतः करा. समजा ग्रॉस पगार १८,००० आणि त्यात बेसिक १५,००० आहे. तुमचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के म्हणजे १,८०० कापला जातो, ईएसआयचे (कामगार विम्याचे) ०.७५ टक्के म्हणजे १३५, आणि व्यवसाय कराचे २०० (फेब्रुवारीत ३००; स्त्रियांना २५,००० पर्यंत तो नाही). हातात १५,८६५ येतात. कंपनी मात्र स्वतःचा पीएफचा हिस्सा १,८००, ईएसआयचे ३.२५ टक्के म्हणजे ५८५ आणि ग्रॅच्युइटीची तरतूद धरून त्याच नोकरीची सीटीसी (कंपनीला पडणारा एकूण खर्च) २१,००० च्या वर सांगते. यात फसवणूक काही नाही, पण खोलीभाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे १५,८६५ मधून जाणार आहेत, २१,००० मधून नाही. तुलना करताना नेहमी 'इन-हँड किती' हे विचारा, आणि कॅन्टीन व बस आहे का तेही. शिफ्टच्या वेळेला बस असणं म्हणजे महिन्याला चांगले पैसे वाचणं.

नोकरीसाठी कुणी रजिस्ट्रेशनचे, युनिफॉर्मचे किंवा मेडिकलचे पैसे आधी मागितले तर तिथेच थांबा. चांगला कारखाना उमेदवाराकडून पैसे घेत नाही. ऑनलाईन पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा; जितक्या लवकर कळवाल तितकी ते अडवण्याची शक्यता जास्त.

रुजू झाल्यावर एक वही ठेवा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तुमच्या लाईनवर कोणतं रिजेक्शन सगळ्यात जास्त येतं ते रोज लिहा, पॅरेटो (जास्तीकडून कमीकडे लावलेला कारणांचा आलेख) काढा, आणि वरचं एकच कारण धरून ऑपरेटरच्या शेजारी उभे राहा. बऱ्याचदा कारण साधं असतं: क्लॅम्पखाली चिप अडकते, कूलंटचा नोझल सरकतो. ते दुरुस्त झालं आणि रिजेक्शन शंभरात चारवरून एकावर आलं, तर त्या दिवशी घरी जाताना जे वाटतं त्यालाच मी समाधान म्हणते. पुढच्या मुलाखतीत सांगायला खरी गोष्टही तीच असते.

आता तुमच्या हातातली चाकणची ऑफर. खिशात पैसे संपत आले असतील तर घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पण आधी कंत्राटदाराकडून नेमणुकीचा कागद घ्या, पगार बँकेत जमा होणार का आणि पीएफचा यूएएन नंबर मिळणार का ते विचारा. ओव्हरटाईम दुप्पट दराने मिळतो का, बारा तासांची शिफ्ट रोजची आहे की कधीमधी, हेही. कंत्राटदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, म्हणून तुम्ही कोणत्या कंपनीच्या आवारात काम केलंत याचा पुरावा, म्हणजे गेट पास आणि हजेरीच्या नोंदी, फोनमध्ये फोटो काढून ठेवा. मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवू नका. झेरॉक्सवर सही करून द्या, मूळ कागद दाखवून परत घ्या.

दुसरा पर्यायही तपासा. केंद्र सरकारच्या एनएटीएस पोर्टलवर डिप्लोमा आणि पदवीधरांसाठी अप्रेंटिसशिपच्या जागा निघतात. स्टायपेंड चाकणच्या पगारापेक्षा कमी पडेल, पण वर्षभर शिकवणं हा त्या कराराचाच भाग असतो आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. घरून वर्षभर थोडा आधार मिळत असेल तर तुमच्या जागी मी अप्रेंटिसशिप निवडेन. नसेल तर चाकणला रुजू व्हा, लाईनवरच्या क्वालिटीच्या माणसाशी पहिल्या आठवड्यातच ओळख करा, आणि सुट्टीच्या दिवशी वर सांगितलेले पंधरा मिनिटांचे फोन चालू ठेवा. असेंब्ली लाईनवर तुम्हाला फिटमेंटचे प्रॉब्लेम रोज दिसतील: कोणता भाग बसत नाही, कोणत्या व्हेंडरचा येतो, का बसत नाही. सहा महिने ते टिपून त्या व्हेंडरकडे अर्ज केलात तर त्याच्या मालात काय अडचण येते हे सांगू शकणारे तुम्हीच असाल, आणि त्याला अशा माणसाची गरज असते.